रुबलमागे 5 कोपेक

31 मे 1667 रोजी मॉस्कोत एक करार झाला. एका बाजूला रशियाचा झार अलेक्सेई मिखाइलोविच, दुसऱ्या बाजूला इराणातल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांची पेढी. या लोकांना ना राजा होता, ना फौज; त्यांचा मूळ मुलूख ऑटोमन सुलतान आणि इराणचा शहा यांनी वाटून घेतलेला. तरी झाराच्या परराष्ट्र खात्याने त्यांच्या वकिलांशी एकेक कलम ठरवलं. माझी उभी हयात मुंबई बंदरात कस्टम क्लिअरिंगच्या कामात गेली. जकातीचा दर जरा हलला की माल कसा दुसऱ्या बंदराकडे वळतो, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणूनच असेल, पण त्या शतकातल्या कुठल्याही लढाईपेक्षा मला हा करार जास्त बोलका वाटतो.

हे व्यापारी नव्या जुल्फाचे. जुनं जुल्फा अरास नदीच्या काठी होतं. ऑटोमनांशी युद्ध चालू असताना, 1604 च्या सुमारास, शहा अब्बासने ते रिकामं करवलं आणि माणसांना इराणात हाकललं. वाटेत असंख्य लोक मेले. जे जगले त्यांना शहाने इस्फहानजवळ, झायंदेरूद नदीपलीकडे वसवलं, कारण गिलानचं कच्चं रेशीम परदेशी विकायला त्याला ही माणसं हवी होती. पुढच्या पन्नास वर्षांत जुल्फाकर अलेप्पो, व्हेनिस, ॲमस्टरडॅमपासून आपल्या सुरत-आग्र्यापर्यंत पोचले होते.

त्यांची रीत अशी, की भांडवल शेठचं आणि पायपीट गुमास्त्याची. तो माल घेऊन वर्षानुवर्षं फिरे आणि परतल्यावर हिशेब देऊन नफ्याचा ठरलेला हिस्सा घेई. होव्हानेस नावाच्या एका गुमास्त्याची 1682 ते 1693 ची हिशेबवही आजही उपलब्ध आहे. तो सुरत, आग्रा करत थेट ल्हासापर्यंत गेला होता. अशा माणसाने लबाडी केली, तर पत्रांतून ती बातमी पेठापेठांत पोचायची आणि पुन्हा त्याच्या हाती कुणी माल देत नसे.

अडचण होती ती वाटेची. रेशीम युरोपला जायचं ते अलेप्पो किंवा इझमिरहून, म्हणजे ऑटोमन मुलखातून, त्यांना जकात भरून. दुसरी वाट उत्तरेची. कॅस्पियन समुद्र ओलांडून अस्त्राखान, व्होल्गेतून वर मॉस्कोकडे, तिथून पांढऱ्या समुद्रावरचं अर्खांगेल्स्क आणि मग हॉलंड. वाट लांब, हिवाळ्यात नद्या गोठलेल्या. पण सगळा रस्ता एकाच राजाच्या हद्दीतला! ज्याने दर नाक्यावर वेगळ्या साहेबासमोर कागद मांडले आहेत, त्याला या गोष्टीची किंमत सांगावी लागत नाही.

1660 मध्ये झकार नावाचा जुल्फाकर मॉस्कोत आला आणि त्याने झाराला एक सिंहासन नजर केलं. ते आज क्रेमलिनच्या शस्त्रागार संग्रहालयात आहे. त्यावर आठशेहून जास्त हिरे आहेत, बाजूंना माहुतांसह हत्तींची रांग आहे, आणि मखमली पाठीवर लॅटिन लेख भरला आहे, वर्ष 1659. त्या काळी जगातले बहुतेक हिरे भारतातल्या खाणींतून निघत, तेव्हा हेही इकडूनच गेले असावेत. झाराने परतफेड म्हणून 4,000 रुबल चांदीत आणि 19,000 रुबल तांब्यात दिले. तांब्याचं ते नाणं तेव्हाच घसरणीला लागलं होतं. 1662 मध्ये त्यावरून मॉस्कोत दंगल उसळली आणि पुढच्या वर्षी ते बंदच झालं. जुल्फाकरांना मात्र नाण्यापेक्षा रस्ता हवा होता.

तो 1667 मध्ये मिळाला. रशियाच्या बाजूने सूत्रं परराष्ट्र खात्याचा प्रमुख ओर्दिन-नाश्चोकिन याच्या हाती होती, तर आर्मेनियनांच्या वतीने स्तेपान रोमोदामस्की आणि ग्रिगोर लुसिकोव्ह बोलत होते. रेशीम ऑटोमन वाटेने न नेता रशियातून न्यायचं, झाराने वाटेत संरक्षण द्यायचं, आणि जकात रुबलमागे 5 कोपेक, म्हणजे शेकडा 5. कॅस्पियनवर चाचे फार, म्हणून ओका नदीवरच्या देदिनोव्होत डच कारागिरांच्या हातून ‘ओरिओल’ नावाचं 22 तोफांचं जहाज बांधलं गेलं. ते 1669 मध्ये अस्त्राखानला पोचलं, आणि दुसऱ्याच वर्षी स्तेंका राझिनच्या बंडखोर कोसॅकांनी अस्त्राखान घेतलं. जहाज कामी आलंच नाही.

त्याहून मोठा अडसर मॉस्कोतल्या बड्या रशियन व्यापाऱ्यांचा होता. परक्याने आपल्या दारावरून माल नेऊन थेट युरोपात विकायचा, तर आपण काय करायचं, ही त्यांची तक्रार. त्यांची बाजू मला कळते. मधला नफा सोडायला कोण तयार होतो? 1673 च्या फेरकरारात त्यांच्या बाजूने पारडं झुकलं आणि आर्मेनियनांच्या थेट युरोपात जाण्यावर बंधनं आली. बराचसा माल इझमिरच्याच वाटेने जात राहिला.

पुढे प्योत्र पहिला, म्हणजे आपण ज्याला पीटर द ग्रेट म्हणतो, तो गादीवर आला आणि व्यापाराची बोलणी राज्याच्या बोलण्यांत मिसळली. इस्राएल ओरी हा आर्मेनियन मध्यस्थ 1701 मध्ये आर्मेनियाच्या मुक्तीची योजना घेऊन त्याच्याकडे गेला. 1711 मध्ये प्योत्रने सिनेटला लेखी हुकूम दिला, की इराणी व्यापार वाढवा आणि आर्मेनियनांना जपा, सवलती द्या. ओरी त्याच वर्षी अस्त्राखानमध्ये वारला.

1722 मध्ये प्योत्र फौज घेऊन कॅस्पियनकाठच्या देरबेंतपर्यंत पोचला. काराबाखचे आर्मेनियन आणि जॉर्जियाचा राजा वाख्तांग गंजाजवळ सैन्य जमवून त्याची वाट पाहत थांबले. रसदेची गलबतं वादळात गेली आणि प्योत्र अस्त्राखानला परतला. इथवर मी त्याला दोष देत नाही. पण 1723 च्या तहात त्याने इराणच्या वकिलाकडून गिलान, म्हणजे रेशमाचा प्रांतच, लिहून घेतला. आणि 1724 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ऑटोमनांशी इराणी मुलखाची वाटणी करताना कॅस्पियनचा काठ स्वतःकडे ठेवून येरेवान आणि गंजा सुलतानाच्या पदरात टाकले. काराबाखच्या डोंगरांतले आर्मेनियन त्यानंतरही कित्येक वर्षं एकटेच लढत होते.