शेगडी मंदावली, मोटार का तापली?

गेल्या हिवाळ्यात केज तालुक्यातला एक विद्यार्थी प्रयोग संपल्यावर आमच्या प्रयोगशाळेत रेंगाळला. त्याचे घर शेतवस्तीवर. रब्बीच्या पिकांना पाणी देणे सुरू झाले की घरच्या विजेच्या शेगडीवर चहा होता होईना. वडिलांनी नवी कॉइल बसवली, तरी तेच. शिवाय त्याच महिन्यात विहिरीवरची सिंगल फेजची छोटी मोटार दुसऱ्यांदा जळाली. "सर, दाब कमी झाला की शेगडी थंड पडते, मग मोटार का जळते?" असे त्याने विचारले.

सूत्रे तुम्हांला पाठ असतीलच. रोध = दाब ÷ प्रवाह; शक्ती = दाब × प्रवाह. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये घेतला तर रोध ओहममध्ये व शक्ती वॅटमध्ये येते. यांतले पहिले सूत्र ज्याच्या नावाने ओळखले जाते तो जॉर्ज सायमन ओहम जर्मनीत शाळेत शिकवत असे. त्याचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला.

आता शेगडी घ्या. तिच्यावर २३० व्होल्ट, १००० वॅट असे लिहिलेले आहे. प्रवाह १००० ÷ २३० = ४.३५ अँपिअर आणि रोध २३० ÷ ४.३५ = सुमारे ५३ ओहम. दाब १८० व्होल्टवर उतरला, तर प्रवाह १८० ÷ ५३ = ३.४ अँपिअर होतो आणि शक्ती १८० × ३.४ = ६१२ वॅट. दाब बावीस टक्केच घटला, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्के गेली! दाबाबरोबर प्रवाहही घटतो, म्हणून शक्तीवर दुहेरी घाव बसतो. दोन लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला सुमारे ६ लाख ३० हजार ज्यूल लागतात. एरवी साडेदहा मिनिटांचे हे काम आता सतरा मिनिटे घेते. भांड्यातून निसटणारी उष्णता वेगळीच.

मग उरलेले ५० व्होल्ट गेले कोठे? तारेत. वस्ती खांबापासून ३५० मीटर दूर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ७०० मीटर तार. १० चौरस मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या एवढ्या तारेचा रोध जवळपास २ ओहम भरतो. एकटी शेगडी चालू असेल तर तारेत आठनऊ व्होल्टच खर्ची पडतात. पण त्याच तारेवर शेजारच्या मोटारी मिळून २५ अँपिअर खेचू लागल्या, की २५ × २ = ५० व्होल्ट वाटेतच संपतात आणि ५० × २५ = १२५० वॅट तार तापवण्यात वाया जातात. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत कमी दाबाच्या ग्राहकासाठी फरकाची मर्यादा सहा टक्के, म्हणजे २३० ला सुमारे १४ व्होल्ट होती, यावरून ५० चा अर्थ कळेल.

आपल्या परळीचेच पाहा. तेथे १९७१ साली ३० मेगावॅटच्या संचाने सुरुवात झाली, पुढे २५० मेगावॅटचे संच आले. असल्या एका संचाची वीज २३० व्होल्टवर पाठवायची म्हटली, तर ढोबळ हिशेबाने जवळजवळ ११ लाख अँपिअर प्रवाह लागेल. कोणती तार तो सोसणार? म्हणून दाब लाखांच्या घरात चढवायचा, म्हणजे प्रवाह घटतो आणि तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाने कमी होते.

मोटारीकडे वळू. येथे पुष्कळ विद्यार्थी फसतात. दाबाला प्रवाहाने भागून मोटारीच्या वेटोळ्यांचा रोध मिळत नाही. फिरणारी मोटार स्वतःच एक विरोधी दाब निर्माण करते. शिवाय प्रवाह प्रत्यावर्ती असल्याने शक्ती काढताना दाब × प्रवाह याला शक्तिगुणकानेही गुणावे लागते. विहिरीचे पाणी तितक्याच उंचीवर चढवायचे असते; दाब घटला म्हणून पाण्याचे ओझे फारसे हलके होत नाही. तेव्हा मोटार जास्त प्रवाह खेचते. ८ अँपिअरच्या जागी १० झाले, तर वेटोळ्यांतली उष्णता (१० ÷ ८) चा वर्ग, म्हणजे दीडपटीहून जास्त होते. तारांवरचा लेप करपतो आणि मोटार जळते. प्रवाह वाढला की लाइनमधला दाब आणखी घटतो, हा त्यातला खरा गुंता! शेगडी बिचारी दाबाप्रमाणे वागते, मोटार कामाप्रमाणे.

विद्यार्थ्याला मी एक उद्योग दिला. घरच्या विजेच्या उघड्या तारांना हात लावायचा नाही, हे आधी बजावले. त्याच्या मीटरवर '१ युनिटला ३२०० स्पंद' असे छापले होते. युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणून लाल दिव्याची एक लुकलुक ११२५ ज्यूलची. घरातले बाकी सारे बंद करून, शेजारच्या मोटारी चालू असताना, फक्त शेगडी लावून त्याने मिनिटभर मोजले: ३३ लुकलुकी. म्हणजे ३३ × ११२५ ÷ ६० = सुमारे ६१९ वॅट. स्टार्टरच्या पेटीवरचा व्होल्टमीटर तेव्हा १८० दाखवत होता. प्रवाह ६१९ ÷ १८० = ३.४४ अँपिअर; रोध १८० ÷ ३.४४ = ५२ ओहम. कॉइल निर्दोष होती.

काढून टाकलेली जुनी कॉइलही तो घेऊन आला. प्रयोगशाळेत तिचा रोध ५१ ओहम भरला. नायक्रोमचा रोध तापल्यावर थोडाच वाढतो, म्हणून थंड कॉइलचे माप येथे चालते. साध्या बल्बच्या टंगस्टन तारेला ही युक्ती लावाल तर दहापटीहून अधिक चुकाल. जुनी कॉइल आता पुन्हा शेगडीत आहे, नवी जपून ठेवली आहे, आणि मोटारीला दाब उतरताच बंद करणारे उपकरण वडिलांनी बसवून घेतले आहे.