उतरत्या भावाचे तळघर

माधवनगरच्या आठवडा बाजारात दिवेलागणीच्या सुमारास एक घटना न चुकता घडते. सकाळी वांग्याच्या वाट्याचा भाव ऐकून पुढे गेलेली गृहिणी संध्याकाळी परत येते आणि त्याच वाट्याला अर्धे पैसे देऊन पिशवी भरते. भाजीवालीने दुपारीच भाव थोडा उतरवलेला असतो, चारच्या सुमारास आणखी उतरवलेला असतो, आणि कंदील लागताना ती ‘घ्या, घ्या, उरलंसुरलं घ्या’ असे ओरडत असते. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. उद्या ती वांगी सुकणार, मेथी पिवळी पडणार, हे विकणारीला आणि घेणारीला सारखेच ठाऊक असते.

त्याच बाजाराच्या कडेला कापडाच्या दुकानात मात्र निराळे दृश्य दिसते. गादीवर बसलेल्या शेठजींच्या पाठीमागील फडताळात तीन लग्नसराया पाहिलेल्या साड्या घडीवर घडी रचून ठेवलेल्या असतात. माळ्यावर पॅन्टपीसचे ताके, रंग उडू लागलेले ब्लाउजपीस, एकाच नमुन्याची डझनभर परकर-कापडे. ‘कापड काय, ते थोडेच कुजते? आज नाही तर उद्या खपेल,’ हा पिढीजात दिलासा. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या या गावात कापडाविषयीचा हा विश्वास स्वाभाविकही आहे. डोळ्यांसमोर विणले जाणारे, हाताला टिकाऊ लागणारे कापड नाशवंत आहे असे कोणाच्या मनात येणार?

ते नाशवंत आहे, असे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका व्यापाऱ्याच्या मनात आले. एवढ्या एका विचारावर त्याने बोस्टन शहरात दुकानाच्या तळघरात एक बाजार मांडला आणि पुढे तो जगभर नावाजला गेला.

एडवर्ड फिलीन हे त्या व्यापाऱ्याचे नाव. त्याचे वडील विल्यम फिलीन प्रशियातून अमेरिकेत आलेले. १८८१ साली त्यांनी बोस्टनमध्ये दुकान थाटले आणि पुढे ते एडवर्ड व लिंकन या पुत्रांच्या हाती आले. दुकान मोठे, प्रतिष्ठित, स्त्रियांच्या तयार कपड्यांसाठी प्रसिद्ध. पण प्रत्येक हंगामाच्या शेवटी उरणाऱ्या मालाचे काय करावे हा प्रश्न तेथेही होताच. तो भरजरी मजल्यावर स्वस्त विकावा तर नव्या मालाची किंमत पडते. ठेवून द्यावा तर पुढील वर्षी त्याची तऱ्हा जुनी होते. फिलीनने १९०९ साली दुकानाच्या तळघरात स्वतंत्र विभाग उघडला आणि त्याला नाव दिले ‘ऑटोमॅटिक बार्गेन बेसमेंट’, म्हणजे आपोआप भाव उतरणारे तळघर.

आपोआप म्हणजे कसे, तेच यातील मर्म. तळघरात आलेल्या प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी लागे आणि त्या चिठ्ठीवर वस्तू विक्रीस मांडल्याची तारीख असे. विक्रीचे बारा दिवस झाले की किंमत चतुर्थांशाने खाली येई. अठरा दिवसांनी निम्मी. चोवीस दिवसांनी मूळच्या एक चतुर्थांशावर. तीस दिवसांतही वस्तू कोणी घेतली नाही, तर ती धर्मादाय संस्थेला देऊन टाकावयाची. दुकान रविवारी बंद, म्हणजे विक्रीचे सहा दिवस हा एक आठवडा. दहा डॉलरचा झगा दोन आठवड्यांनी साडेसात डॉलरला, तिसऱ्या आठवड्याअखेर पाचला, चौथ्याअखेर अडीचला. भाव केव्हा उतरवावा हे ठरविण्याचा अधिकार ना मालकाला, ना गुमास्त्याला. तो अधिकार दिनदर्शिकेला. भाजीवालीने जे सूर्याकडे पाहून केले, तेच फिलीनने तारखेकडे पाहून केले, एवढाच फरक.

बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी या कल्पनेची यथेच्छ थट्टा केली. गिऱ्हाईक मूर्ख आहे काय, ते शेवटच्या दिवसापर्यंत थांबेल आणि पाव किमतीत माल उचलेल, असा त्यांचा हिशेब. प्रथम काही वर्षे तळघर तोट्यात चाललेही. परंतु हिशेबात एक गोष्ट निसटली होती. थांबणाऱ्या बाईला हेही ठाऊक असे की आपल्यासारखीच दुसरी कोणी त्याच झग्यावर डोळा ठेवून आहे. आज साडेसातला मिळणारा झगा पुढल्या सोमवारी पाचला मिळेल खरा, पण तोवर तो टांगलेला राहील काय? या धाकधुकीमुळे बहुतेक माल पहिल्या एक-दोन उतारांतच जाई; धर्मादायापर्यंत पोहोचणारा भाग फारच थोडा उरे. काही चतुर गिऱ्हाइके आवडलेला झगा पुरुषांच्या कोटांच्या ढिगात लपवून ठेवीत आणि भाव उतरल्यावर येऊन काढीत, अशा हकीकती बोस्टनमध्ये पुढे कित्येक वर्षे सांगितल्या जात. १९२९ नंतरच्या महामंदीत वरच्या मजल्यांवर शुकशुकाट पडला, तेव्हा या तळघरानेच दुकानाचा डोलारा सावरला.

फिलीनचे नाव या भागातील वाचकांनी आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९०७ साली जगप्रवास करीत तो हिंदुस्थानात आला होता. १९०४ च्या कायद्याने येथे सहकारी पतपेढ्या नुकत्याच निघू लागल्या होत्या. बंगालमधील खेड्यांत सहकारी संस्थांचे निबंधक गोर्ले यांच्यासमवेत हिंडून त्याने त्या पाहिल्या. सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी शेतकरी आपसांत पैसे जमवून एकमेकांना कर्ज देतात, ही गोष्ट त्याच्या मनावर खोल ठसली. अमेरिकेत परतल्यावर तेथील पतसंस्थांच्या चळवळीला त्याने स्वतःला वाहून घेतले. तिला मान्यता देणारा मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा झाला १९०९ साली, म्हणजे ज्या वर्षी तळघर उघडले त्याच वर्षी. सांगली-मिरजेकडील गावोगावच्या पतसंस्था पाहता, तळघराच्या या मालकाचे नाते आपल्या मातीशी अगदीच परके नाही.

आठवड्यातील एखादा वार सवलतीसाठी राखून ठेवण्याची रीत फिलीनच्या आधीचीच. कॅनडातील टोरांटो शहरी टिमोथी ईटन याने १८६९ साली एकच भाव आणि रोख व्यवहार या दोन अटींवर दुकान सुरू केले होते. पुढे त्या दुकानाच्या जाहिरातींत शुक्रवार हा सवलतीचा वार म्हणून झळकू लागला. शनिवारी गर्दी होणारच, मग शुक्रवारी का नको, असा तो सरळ विचार. पॅरिसमध्ये आरिस्तिद बूसिको याने ‘बाँ मार्शे’ या दुकानातून घासाघीस हद्दपार केली, ती त्याच्याही आधी. मात्र या चकचकीत दुकानांची दुसरी बाजूही होती. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला याने १८८३ च्या आपल्या कादंबरीत अशाच एका महादुकानासमोरील जुन्या कापडदुकानदाराची वाताहत रंगविली आहे. समोर रोज नवा सेल लागतो आणि अंधाऱ्या दुकानातील म्हातारा दर्जेदार माल घेऊन गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो. ती पाने वाचताना कोणत्याही पेठेतील दुकानदाराला आपल्याच गल्लीची आठवण व्हावी.

मुंबईत हे वारे आले ते हॉर्नबी रोडवर. आजचा दादाभाई नवरोजी मार्ग तो हाच. व्हाइटवे, लेडलॉ आणि कंपनी या इंग्रजी दुकानाची भव्य इमारत तेथे उभी राहिली. रॉबर्ट लेडलॉ या स्कॉटिश गृहस्थाने १८८२ साली कलकत्त्यात सुरू केलेल्या या पेढीच्या शाखा पुढे पूर्वेकडील अनेक शहरांत पसरल्या. टपालाने माल मागविण्याची सोय असल्याने दूरच्या छावण्यांतील आणि मळ्यांतील गोऱ्या कुटुंबांचाही तिच्यावर भरवसा असे. या दुकानाची एक अट मात्र कडक होती: उधारी नाही. साहेब लोकांना त्या काळी दुकानदाराच्या वहीत नावे मांडण्याची सवय. त्यांना ही अट इतकी बोचली की त्यांनी पेढीच्या नावाचा विपर्यास करून ‘राइट अवे अँड पेड फॉर’ असे टोपणनाव ठेवले, म्हणजे ‘ताबडतोब आणि पैसे चुकते करून’. पेढीने ते थट्टेवारी नेले असेल अथवा नसेल, पण ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी ज्यांच्या आजोबांनी दुकानात लावली होती त्यांना या थट्टेतील सत्य सांगावयास नको. रोखीवाचून सवलत परवडत नाही. उधारीवर दिलेली सूट ही दोनदा दिलेली सूट असते: एकदा भावात आणि एकदा व्याजात.

वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीत मुंबईनेही आपले उत्तर दिले. लोकमान्य टिळक आणि सर मनमोहनदास रामजी यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स निघाले. तेच पुढे ‘बॉम्बे स्टोअर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आणि काळाचा न्याय असा की हॉर्नबी रोडवरील व्हाइटवे लेडलॉच्या त्याच इमारतीत १९४६ पासून खादी भांडार नांदू लागले.

आता पुन्हा माधवनगरच्या फडताळाकडे. तेथील एखाद्या साडीचा हिशेब व्यापाऱ्याच्या भाषेत मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, खरेदी १००० रुपये. पैशाचे व्याज दरमहा शेकडा एक. दोन वर्षे साडी पडून राहिली तर २४० रुपये व्याजात गेले. मग कोणीतरी ती ११०० ला नेली, तर वहीत १०० रुपये नफा दिसतो आणि वस्तुतः १४० रुपयांचा खड्डा पडलेला असतो. हीच साडी दोन महिन्यांनी ९०० ला काढली असती, तर १०० रुपये भावात आणि २० व्याजात गेले असते हे खरे. पण हाती आलेले ९०० रुपये नव्या मालात घालून वर्षातून चार वेळा फिरविले आणि प्रत्येक फेरीस शेकडा दहा सुटले, तर वर्षाकाठी ३६० रुपये होतात. तोट्याने विकणे जिवावर येते ते तोटा त्या दिवशी डोळ्यांना दिसतो म्हणून. फडताळातील तोटा दिसत नाही, कारण त्याची नोंद रोजमेळात कधीच होत नाही. पाडव्याला नवी वही पूजताना शिल्लक माल खरेदीच्या भावाने मांडण्याची रीत या भ्रमाला आणखी खतपाणी घालते.

आपल्याकडे सेल नाहीत असे मुळीच नाही. आषाढात लग्नाचे मुहूर्त संपून चातुर्मास लागला की कापडपेठेत मंदी येते, म्हणून ‘आषाढ सेल’चे फलक फडकतात. मोठ्या साखळी दुकानांनी तर आठवड्याचा वारही उचलला. बिग बझारने बुधवार हा स्वस्ताईचा वार ठरवला. त्याच दुकानांत २६ जानेवारी २००६ रोजी लावलेल्या सेलला अशी झुंबड उडाली की काही ठिकाणी दरवाजे बंद करावे लागले. पुढे २०२२ साली ती दुकाने दुसऱ्या उद्योगसमूहाच्या हाती गेली. बोस्टनच्या मूळ तळघराचेही तेच झाले: २००७ मध्ये ते बंद पडले आणि त्या नावाने चालणारी इतर दुकाने २०११ अखेर मोडीत निघाली. सवलतीच्या जोरावर कोणी अमर होत नाही, हे यातून दिसतेच.

परंतु या नव्या सेलांत आणि फिलीनच्या तळघरात एक अंतर आहे. आज पेठेत गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असा असतो: ‘आधी भाव चढवून मग उतरवला नाही ना?’ हा संशय फुकाचा नाही. सहाशेच्या वस्तूवर बाराशेची चिठ्ठी लावावयाची आणि ‘पन्नास टक्के सूट’ म्हणून सहाशेलाच विकावयाची, ही युक्ती जगात सगळीकडे चालते. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा आणि त्याखाली २०२२ साली आलेले दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीचे नियम अशा आमिषांना आळा घालण्यासाठीच आहेत. श्रावकाच्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत मापात कमी-अधिक करणे आणि हलका माल भारी म्हणून खपविणे यांचा समावेश फार पूर्वीच झालेला आहे. खोट्या चिठ्ठीवरील खोटी सूट त्या दुसऱ्या अतिचाराहून किती दूर आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

फिलीनला हा संशय सोसावा लागला नाही, कारण त्याची चिठ्ठीच उघडी होती. आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर चिठ्ठीवर खरेदीचा भाव सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची पद्धत आहे. घराण्याचा एखादा शब्द घ्यावयाचा, त्याच्या अक्षरांना आकडे ठरवावयाचे; मालकाला आणि मुनिमाला ते वाचता येते, गिऱ्हाइकाला येत नाही. घासाघीस कोठवर सोसावी हे त्या अक्षरांवरून कळते. बोस्टनच्या तळघरातील चिठ्ठीवर गिऱ्हाइकापासून लपविण्याजोगे काहीच नव्हते. तारीख होती, भाव होता, आणि उतार केव्हा पडणार ते भिंतीवर लिहिलेले होते. दुकानदाराला जेवढे ठाऊक, तेवढेच दारातून नुकत्याच आत आलेल्या बाईला ठाऊक.

माधवनगरच्या पेठेत आता दुसरी-तिसरी पिढी गादीवर बसते आहे. संगणकावर बिल निघते, कोणता ताका केव्हा आला हे एका कळीवर दिसते. जी तारीख फिलीनचे गुमास्ते हाताने लिहीत, ती आज प्रत्येक दुकानात फुकट उपलब्ध आहे. वडीलधाऱ्यांना मात्र ती भिंतीवर लावणे पटत नाही. ‘लोक म्हणतील, दुकान गुंडाळताहेत’ ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही; पेठेत पत हीच मालमत्ता असते. म्हणून काही घरांत मधला मार्ग निघतो. दुकानाच्या दर्शनी भागाला हात लावावयाचा नाही. बाजाराच्या दिवशी ओट्यावर एक टेबल मांडावयाचे, वर्षाहून जुना माल त्यावर ठेवावयाचा आणि गेल्या आठवड्याचा भाव खोडून त्याखाली या आठवड्याचा लिहावयाचा. खोडलेला आकडा वाचता येईल इतपतच खोडावयाचा. संध्याकाळी भाजी घेऊन परतणाऱ्या बायका त्या टेबलापाशी थबकतात, पिशवी खाली ठेवतात, आणि कापडाचा पोत बोटांनी चाचपीत आधी खोडलेला आकडा वाचतात.