आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी : समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणारी आणि जाहिरातींमुळे घराघरांत पोहोचलेली आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी नेमके काय करते, याविषयी आपल्या समाजात बराच गोंधळ आहे. काहीजण तिला गर्भपाताची गोळी समजतात, तर काहींना ती वारंवार घेण्यास हरकत नाही असे वाटते. नैतिक निर्णयापूर्वी वस्तुस्थिती जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक 1.5 मिलिग्रॅम असते. संबंध आल्याक्षणीच गर्भधारणा होत नाही. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात सुमारे पाच दिवस जिवंत राहू शकतात. बीजांडाचे आयुष्य मात्र जेमतेम एका दिवसाचे असते. बीजांड अद्याप बाहेर पडलेले नसेल, तर ही गोळी त्याचे बाहेर पडणे थांबविते अथवा लांबविते. म्हणूनच ती 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावी लागते. बीजांड आधीच बाहेर पडले असल्यास तिचा उपयोग होत नाही.

ती गर्भपात घडविते काय? नाही. गर्भ राहिलेला असल्यास ही गोळी तो पाडत नाही. मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल ही गर्भपाताची औषधे सर्वस्वी निराळी आहेत. फलित बीज गर्भाशयात रुजू न देण्याचे कार्य ती करते, अशी पूर्वी धारणा होती. सन 2000 मध्ये व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने याच कारणास्तव तिला विरोध केला. पुढील संशोधनात मात्र बीजांड बाहेर पडल्यानंतर गोळी घेतलेल्या स्त्रियांना अपेक्षेइतकीच गर्भधारणा झाल्याचे दिसले. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही वेष्टनावरील माहितीत तसा बदल केला. तांबीचे कार्य वेगळे असल्याने हे विवेचन तिला लागू नाही.

या गोळीने वंध्यत्व येत नाही. मळमळ होऊ शकते, पाळी मागेपुढे होऊ शकते. दोन तासांच्या आत उलटी झाल्यास डॉक्टरांना विचारावे. पाळी आठवड्याहून अधिक लांबल्यास गर्भचाचणी करावी. एचआयव्ही वा अन्य लैंगिक आजारांपासून ती संरक्षण देत नाही, पुढील संबंधांसाठीही उपयोगी पडत नाही. ती नित्याचा उपाय नव्हे.

कृत्रिम संततिनियमनाविषयी 1968 च्या ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रातील ख्रिस्तसभेची शिकवण कायम आहे. तथापि बलात्कारित स्त्रीचा प्रश्न वेगळा आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये जर्मनीच्या बिशप परिषदेने, गर्भपात न घडविता केवळ फलन टाळणारी गोळी अशा स्त्रीस कॅथॉलिक रुग्णालयात देण्यास मान्यता दिली.

भारतात अशा स्त्रीवर विनामूल्य उपचार करणे प्रत्येक रुग्णालयास, मग ते सरकारी असो वा खासगी, कायद्याने बंधनकारक आहे. आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांत या गोळीचाही समावेश आहे. लाजेपोटी वा लोकापवादाच्या भयाने कुटुंबे मौन पाळतात आणि मोलाचे तास निघून जातात. तिला प्रश्न विचारण्याआधी रुग्णालयात पोहोचविणे, हे आपले प्रथम कर्तव्य होय.