भाजी कधी तोडली?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बाजारांत वाटाणा, पावटा, वाल, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी, ओल्या शेंगा आणि बोरं शेजारीशेजारी मांडलेली असतात. या सगळ्याची तिळाचं कूट घालून केलेली लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, असं त्या दिवसाचं ताट. थंडीत उष्ण खावं म्हणून ही रीत, असं आपण ऐकत आलो आहोत. पण या ताटातला प्रत्येक जिन्नस वेगवेगळ्या वेगाने बदलत असतो. कशाला घाई करायची आणि काय निवांत ठेवायचं, हे स्वयंपाकघरातले जुने नियम या वेगावरच बेतलेले आहेत.

तोडलेली भाजी जिवंतच असते. झाडापासून तुटल्यावरही तिच्या पेशी श्वसन करत राहतात, पण मुळांकडून पाणी आणि पानांकडून साखर मिळणं थांबलेलं असतं. मग पेशी आपल्याकडच्या साठ्यावर जगतात. तापमान दहा अंशांनी वाढलं, की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून थंडीत संध्याकाळपर्यंत टवटवीत राहणारी मेथीची जुडी चैत्रात दुपारीच माना टाकते. पालेभाजीतलं क जीवनसत्त्वही याच काळात घटत जातं. चिरताना पेशी फुटतात, आत वेगळी ठेवलेली विकरं मोकळी होतात आणि ही घट आणखी वाढते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि चिरली की लगेच फोडणीला टाकावी, हा नियम म्हणूनच बरोबर आहे. चिरून धुतली, तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात.

कोवळ्या दाण्यांची घाई वेगळ्या कारणाने असते. ओला वाटाणा किंवा हरभऱ्याचा सोलाणा गोड लागतो, कारण त्यात साखर असते. शेंग तोडल्यावरही दाण्यातली विकरं या साखरेचं पिठूळ पदार्थात रूपांतर करत राहतात. सकाळी तोडलेला वाटाणा दुसऱ्या दिवशी फिका आणि पिठाळ लागतो तो यामुळे.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण अहिल्यानगरच्या रानातच सापडतं. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड हा रब्बी ज्वारीचा पट्टा. ज्वारी चिकातून पुढे सरकून हुरड्यात येते, तेव्हा दाण्यात साखर भरपूर असते आणि दाणा अजून मऊ असतो. ही अवस्था काही दिवसच टिकते. पुढे दाणा भरतो आणि टणक होतो. म्हणून कणसं तोडून तिथेच गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात आणि हातावर चोळून गरम गरम खातात. भाजल्याने दाण्याला खमंगपणा येतोच, शिवाय साखरेचं पीठ करणारी विकरं उष्णतेने निकामी होतात. गोडी आहे तिथे थांबते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ हे वाण दिले आहेत.

बाजरीची तऱ्हा उलटी. अख्खी बाजरी कणगीत महिनोन्‌महिने राहते, पण तिचं पीठ आठवडाभरात कडवट होऊ लागतं. बाजरीच्या दाण्यात सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो, गव्हापेक्षा बराच जास्त. अख्ख्या दाण्यात हा स्निग्धांश आणि तो तोडणारं लायपेज हे विकर एकमेकांपासून दूर असतात. गिरणीत दाणा फुटला, की दोघांची गाठ पडते, मेदाम्लं सुटी होतात आणि पिठाला खवट वास येतो. गहू महिन्याचा दळून ठेवणाऱ्या घरातही बाजरीचं दळण थोडंथोडंच येतं, त्यामागे हे रसायनशास्त्र आहे.

पीठ जुनं झालं की ‘विरी गेली’ म्हणतात. भाकरी थापताना कडा चिरतात. बाजरी-ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पिठाला ताण सोसत नाही. अशा वेळी पिठात उकळतं पाणी घालतात. उष्णतेने पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, चिकट होतो आणि ग्लुटेनचं थोडं काम तो करतो. तव्यावर टाकल्यावर भाकरीला वरून पाणी फिरवतात, तेही उगाच नाही. वरचा थर लवकर सुकून तडकला, तर आतली वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही.

बाजरीचं लोहासाठी कौतुक होतं आणि ते रास्तही आहे. पण दाण्यातलं लोह फायटिक आम्लाशी बांधलेलं असतं, त्यामुळे शरीराला त्यातला थोडाच भाग मिळतो. यावर एक उपाय बियाण्यात आहे. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचं विद्यापीठ यांच्या कामातून आलेल्या ‘धनशक्ती’ या वाणात किलोमागे साधारण ७१ मिलिग्रॅम लोह असतं. महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलांवर या बाजरीची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना धनशक्तीची भाकरी दिली, काहींना नेहमीच्या बाजरीची. चार महिन्यांनी धनशक्ती खाणाऱ्या मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा अधिक वाढलेला दिसला.

दुसरा उपाय ताटातच आहे. क जीवनसत्त्व सोबत असलं, की धान्यातलं लोह अधिक शोषलं जातं. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा ताजी हिरवी मिरची घेतली, जेवणानंतर पेरू किंवा मूठभर बोरं खाल्ली, तरी उपयोग होतो. चहा याच्या बरोबर उलट वागतो. त्यातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे सकाळच्या चहा-भाकरीत लोहाचा बराच भाग वाया जातो. चहा तासाभराने घेतला तर बरं. लेकुरवाळ्या भाजीतल्या तिळालाही काम आहे. गाजरातलं बीटा कॅरोटीन स्निग्धांशाशिवाय नीट शोषलं जात नाही आणि तिळात निम्म्याच्या आसपास तेलच असतं.

वाळलेल्या कडधान्यांना घाई नसते, पण तीही पूर्ण थांबलेली नसतात. उष्ण, दमट जागी वर्ष काढलेली तूर किंवा वाल कितीही उकळले तरी कडकच राहतात, कारण साठवणीत त्यांच्या पेशींना जोडणारं पेक्टिन न विरघळणारं बनतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम हेच करतं, आणि आम्लातही पेक्टिन सहज सुटत नाही. म्हणून चिंच किंवा टोमॅटो डाळ शिजल्यावर घालायचा. वाल मात्र पूर्ण शिजलेच पाहिजेत. कच्च्या वालात प्रथिनांचं पचन रोखणारी द्रव्यं असतात आणि ती नीट उकळल्यानेच नाहीशी होतात.

वालाचं नाव निघालं की अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावाकडे जावं लागतं. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावरान वाण जपले. बीबीसीने २०१८ मध्ये जगातल्या शंभर प्रेरक स्त्रियांत त्यांची नोंद केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचा स्वयंपाकघराशी थेट संबंध आहे. एकाच वाणाच्या शेंगा एकदम येतात आणि एकदम संपतात. वाण अनेक असतील, तर कोणी लवकर येतो, कोणी उशिरा, आणि ओल्या शेंगेचा हंगाम आपोआप लांबतो. शीतगृहाशिवाय ताजेपणा वाढवण्याचा हा मार्ग आहे.

याचा अर्थ हंगामी तेवढं चांगलं आणि बाकी सगळं वाईट असा नाही. कारखान्यात वाटाणा तोडल्यावर थोड्या वेळातच उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. आगटीतल्या हुरड्यासारखीच त्याची विकरं तिथे थांबतात. भर हंगामात दोन दिवस प्रवास करून आलेल्या शेंगेपेक्षा असा वाटाणा गोडीत आणि क जीवनसत्त्वात सरस ठरू शकतो. म्हणून भाजीवाल्या मावशींना भावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: भाजी कधी तोडली? उत्तर ‘आज पहाटे’ असेल, तर ती आजच शिजवावी. उद्यावर टाकली, तर ताज्याचे जास्त मोजलेले पैसे फुकट जातात.