रस्त्यावरील नृत्य आणि राजसभेतील नृत्य

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील लोकांस नृत्य नवे नाही. जत्रेतील गजीनृत्य, लेझीम, तमाशातील लावणी ही आपल्या पूर्ण परिचयाची आहेत. परंतु नृत्य पाहावयास आपण जितके उत्सुक, तितकेच नाचणाऱ्यास आपल्या पंक्तीत बसवावयास नाखूष असतो. या आपल्या स्वभावाचा विचार करताना ‘ये बॅले’ या हिंदी चित्रपटाची हकीकत फार उपयोगी पडते. मुंबईच्या गरीब वस्तीत वाढलेल्या मुलांचे नृत्य आणि युरोपातील राजेरजवाड्यांचे नृत्य यांची त्यात गाठ पडली आहे.

प्रथम या दोन नृत्यांचे स्वरूप पाहू. बॅलेचा उगम पंधराव्या शतकातील इटालीच्या राजसभांत झाला व त्याची वाढ फ्रान्समध्ये झाली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई हा स्वतः उत्तम नर्तक होता. त्याने १६६१ साली पॅरिस येथे नृत्याची राजमान्य संस्था स्थापन केली. पायांच्या पाच मूलस्थिती त्याच काळात ठरल्या आणि या कलेतील बहुतेक संज्ञा आजही फ्रेंचच आहेत. बॅले नर्तक कमरेच्या सांध्यापासून पाय बाहेरच्या बाजूस वळवितो, कणा ताठ ठेवितो व उडी मारताना देहास जणू वजनच नाही असा भास निर्माण करितो. यासाठी रोज कठड्यास धरून, गुडघे वाकविण्याच्या साध्या क्रियेपासून आरंभ करून, तासन् तास अभ्यास करावा लागतो. जगप्रसिद्ध नर्तकही हा पाठ चुकवीत नाही.

दुसरे नृत्य ‘ब्रेकिंग’ नावाचे. त्याचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात १९७० नंतरच्या दशकात, कृष्णवर्णीय व पोर्टो रिकोहून आलेल्या गरीब तरुणांत झाला. ध्वनिमुद्रिकेत गाणे थांबून केवळ ढोलताशांचा ठेका उरतो, त्या भागास ‘ब्रेक’ म्हणतात. कूल हर्क नावाच्या वादकाने एकाच मुद्रिकेच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवून तो ठेका लांबविला आणि तरुण आपले सर्वोत्तम कौशल्य त्या क्षणांसाठी राखून ठेवू लागले. हातांवर तोल सावरणे, डोक्यावर गरगर फिरणे, मध्येच निश्चल होणे ही त्याची अंगे होत. त्यास ना वाडा लागे, ना गुरूची दक्षिणा. रिंगण करावे व एकमेकांचे पाहून शिकावे, हीच त्याची शाळा. पुढे २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यास स्थान मिळाले. ज्या नगरीत राजाने बॅलेची संस्था काढिली, त्याच नगरीत रस्त्यावरच्या पोरांच्या नृत्यास हा मान मिळावा, हे मोठे अर्थपूर्ण आहे.

बॅलेची ओढ आकाशाकडे, तर ब्रेकिंगची मैत्री जमिनीशी. तरीही दोहोंस तोल, लवचिकपणा आणि पोट व पाठीच्या स्नायूंचे बळ सारखेच लागते. म्हणून रस्त्यावर तयार झालेला देह बॅलेच्या शाळेत अगदीच परका ठरत नाही. अडचण येते ती पाय बाहेर वळविण्याची. ती सवय बाळपणीच लागलेली बरी, कारण वय वाढले म्हणजे सांधे सहजासहजी ऐकत नाहीत.

ही अडचण ओलांडणारे दोन तरुण मुंबईत निघाले. मनीष चौहान हा टॅक्सी चालविणाऱ्याचा मुलगा, तर अमिरुद्दीन शाह हा वेल्डिंगचे काम करणाऱ्याचा. एका नृत्यसंस्थेत इस्रायली-अमेरिकन शिक्षक येहुदा माओर यांची दृष्टी त्यांच्यावर पडली. हिंदू, मुसलमान व यहुदी अशी ही गुरुशिष्यांची त्रयी! पुढे अमिरुद्दीनला २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला, आणि मनीषही शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. सूनी तारापोरवाला यांनी याच विषयावर प्रथम एक लघुपट काढिला व मागाहून २०२० साली हा पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात मनीषने ‘निशू’ या नावाने आपलीच भूमिका केली आहे. दुसऱ्या मुलाची भूमिका अचिंत्य बोस यांनी, तर शिक्षकाची ज्युलियन सँड्स यांनी केली.

आपल्या भागातही याच जातीची एक कथा घडून गेली आहे. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे गाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होते, आता ते सांगलीत आहे. तेथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी प्रतिष्ठित घराणे सोडून तमाशाची वाट धरिली व पठ्ठे बापूराव या नावाने ते अजरामर झाले. मुंबईची मुले खालून वर चढली, तर बापूराव लोकांच्या मते वरून खाली उतरले. परंतु कलेच्या घरी वर कोणते आणि खाली कोणते? बॅले श्रेष्ठ म्हणून रस्त्यावरचे नृत्य हलके, असा निष्कर्ष या चित्रपटावरून कोणी काढील तर तो चुकेल. लावणीतील पायांची तयारीही वर्षानुवर्षांच्या मेहनतीनेच येते.

पवित्र शास्त्रात दावीद राजा कराराच्या कोशापुढे सर्व बळाने नाचला, तेव्हा त्याची पत्नी मीखल हिने खिडकीतून पाहून त्याचा मनात तिरस्कार केला. दोष नाचणाऱ्याचा ठरला नाही. तिरस्कार करणारीच आनंदास मुकली.

पालकांची भीती मात्र पोकळ नाही. नृत्यावर पोट भरेल की नाही याची शाश्वती नसते, आणि एका दुखापतीने सारे श्रम वाया जाऊ शकतात. म्हणून शालेय शिक्षण सोडून नाचाच्या मागे लागावे, असा सल्ला कोणताही शिक्षक देणार नाही. पण मूल नाचू लागले की ‘आपल्या घराण्यात हे चालत नाही’ एवढे बोलून विषय संपवू नये. ते नियमाने सराव करिते काय, पडल्यावर पुन्हा उठते काय, शिक्षकाने दाखविलेली चूक मुकाट्याने सुधारिते काय, हे पाहावे. हे गुण ज्याच्या अंगी आले, त्याचे पाऊल पुढे कोठेही पडो, ते डळमळणार नाही. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही दुसऱ्याच्या नृत्यास हसण्यापूर्वी त्यातील एक पाऊल स्वतः टाकून पाहा, म्हणजे त्यामागील श्रमांची किंमत आपोआप कळेल.