धीर आणि धावाधाव

घरातील माणूस एकाएकी अत्यवस्थ झाले की चार शेजारी गोळा होतात आणि नातेवाइकांस एकच उपदेश करतात : "धीर धरा." उपदेश चांगला आहे, परंतु धीर धरायचा म्हणजे हातांनी नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. धीर हा जन्मजात गुण आहे, तो काहींच्या अंगी असतो व काहींच्या नसतो, असा आपला समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. ज्याच्या हाताला नेमून दिलेले काम असते त्याला धीर येतो. ज्याच्या हाताला काम नसते तो ओरडतो.

हे आम्ही सर्पदंशाच्या उदाहरणाने मांडणार आहोत. कारण निलंगा तालुक्यात पावसाळ्यात आखाड्यावर निजणाऱ्या कुटुंबावर हा प्रसंग केव्हा ओढवेल याचा नेम नाही. 2000 ते 2019 या 20 वर्षांत भारतात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतली. आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले.

1998 सालच्या पावसाळ्यात आमचा धाकटा भाऊ आखाड्यावर भुईवर निजला होता. पहाटे पोटात कळा येऊ लागल्या म्हणून तो घरी आला. मनगटावर सुई टोचावी एवढी खूण होती. ना सूज, ना आग. मण्यारीचा दंश असाच असतो, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दादा, पापण्या उचलंनात." झाले! आम्ही, ज्यांनी शेकडो कामगारांच्या सभा शांत केल्या, तेच आम्ही दोरी आणून त्याचा दंड करकचून आवळू लागलो. कोणी कडुनिंबाचा पाला चावायला दिला. कोणी म्हणाले, "मारुतीपुढं ठेवा." प्रत्येक जण धावत होता आणि रोगी जागेवरच होता. यात तासभर गेला.

तो गोंधळ मोडला तो शेजारच्या एका हमालाने. तो निलंग्याच्या मोंढ्यात पोती उचलीत असे. तो म्हणाला, "समद्यांनी हात लावला तर पोतं उचलत न्हाई. सांगणारा एक पायजे." त्याने दोघांना उचलायला लावले, एकाला जीप आणायला धाडले, एकाला पैसे गोळा करायला सांगितले आणि बाकीच्यांना घरी पाठविले. आमच्या वाट्याला भावाचे डोके मांडीवर कुशीला धरून बसण्याचे काम आले. त्या क्षणी आमचे हात कापायचे थांबले.

पुढे मोठ्या दवाखान्यात त्याच्या घशात नळी घातली गेली. श्वासाचे यंत्र मोकळे नव्हते, म्हणून रबरी फुगा हाताने दाबून त्याला श्वास द्यावयाचा होता. दर पाच सेकंदांना एकदा, असे दोन रात्री! एकटा माणूस हे करू शकत नाही. आम्ही कारखान्यासारख्या पाळ्या लावल्या : अर्धा तास दाबायचे, मग पुढच्याने घ्यायचे, आणि मागच्याने झोपायचे. झोपणे हेही नेमलेले काम होते. तिसऱ्या दिवशी त्याची बोटे हलली. नंतर त्याने जे सांगितले ते आम्ही विसरलो नाही : "मला समदं ऐकू येत होतं. कुणी तरी 'गेला' म्हणून रडलं, तेबी." मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, शुद्ध मात्र पुष्कळदा शाबूत असते. म्हणून रोग्याच्या उशाशी जे बोलायचे ते त्याने ऐकावे असेच बोलावे.

आता कामे कोणती, ते पाहू. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर एकच प्रतिविष भारतात दिले जाते. सबब साप मारून नेण्यात वेळ दवडू नये. पहिल्याने रोग्याला आडवे करावे व चालू देऊ नये. चालताना स्नायू आखडतात आणि विष पुढे ढकलले जाते. चावलेला हात वा पाय फळी बांधून स्थिर करावा. आवळून दोरी बांधू नये, चिरू नये, चोखू नये. कोणी आधीच आवळले असेल तर ते डॉक्टरांसमोरच सोडवावे. दुसऱ्याने अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत; सूज आल्यावर ती रुततात. तिसऱ्याने 108 क्रमांकास फोन करावा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे. ती येण्यास फार वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर रोग्यास दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. चौथ्याने कागदावर वेळा लिहाव्यात : केव्हा चावले, पापण्या केव्हा पडल्या, लघवीत वा हिरड्यांतून रक्त केव्हा दिसले.

हा कागद क्षुल्लक समजू नये. जालना जिल्ह्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला विंचूदंशाचे रोगी तपाशीत. दंशानंतर रोग्याच्या हृदयावर व रक्तदाबावर काय परिणाम होतो हे त्यांनी टिपून ठेवले आणि रक्तदाबावरील प्राझोसीन हे औषध या दंशावर वापरले. 1986 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले, आणि 2022 साली त्यांस पद्मश्री मिळाली. भयाने पाहणारा व लक्ष देऊन पाहणारा यांत केवढे अंतर आहे, हे यावरून दिसते.

दवाखान्यात गेल्यावर नातेवाइकांचा धीर पुन्हा सुटतो. "डॉक्टर नुसते बसलेत," असे म्हणून भांडण होते. वस्तुतः कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते 20 मिनिटे न हलवता ठेवावे लागते. तेवढ्यात ते गोठले नाही तर विषाने रक्त बिघडले असे ठरते. ती 20 मिनिटे आळसाची नव्हेत, तपासणीची आहेत. तसेच लहान मुलास मोठ्या माणसाइतकेच प्रतिविष देतात हे पाहून घाबरू नये. सापाने मुलास काही कमी विष टोचलेले नसते. ज्याला पुढची पायरी ठाऊक आहे तो वाट पाहू शकतो.

आम्हांला भाऊ परत मिळाला. पण तो गेलेला तास आजही आम्हांला टोचतो. त्या तासात प्रेमाची उणीव नव्हती, वाटणीची होती. पाऊस लागायला अजून अवकाश आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर जेवणापूर्वी एवढे ठरवावे : सांगणारा कोण, उचलणारे कोण, फोन करणारा कोण, लिहिणारा कोण. आणि प्रतिविष व श्वासाचे यंत्र जवळ कोठे आहे, निलंग्यास की सुमारे 50 किलोमीटरवरील लातुरास, ते आधी विचारून भिंतीवर लिहून ठेवावे. धीर त्या भिंतीवरच सापडेल.