खिशातलं जग : तपासलेल्या दुकानातली लबाडी

गेल्या आठवड्यात आपण ॲपला परवानग्या देताना काय काय देऊन बसतो ते पाहिलं. त्यावर एक शंका हमखास निघते : पण दुकानात ठेवण्याआधी कंपनी ॲप तपासतेच ना? मग एवढी काळजी कशाला?

तपासते, यात शंका नाही. ॲपलनं २००८ साली ॲप स्टोअर उघडलं तेव्हापासून तिचं म्हणणं एकच आहे. प्रत्येक ॲप आमच्या नजरेखालून जातं, आयफोनवर बाहेरून काही घेता येत नाही, म्हणून तुम्ही सुरक्षित. (युरोपीय संघानं २०२४ मध्ये कायद्यानं हे दार किलकिलं करायला लावलं, तेव्हाही कंपनीची तक्रार सुरक्षिततेच्याच नावानं होती.) ही तपासणी करणारी माणसं सुमारे ५०० आणि आठवड्याला येणारी नवी-सुधारित ॲप्स सुमारे १ लाख, असा हिशेब काही वर्षांपूर्वी समोर आला. म्हणजे माणशी आठवड्याला २००. यंत्राची मदत धरली तरी एवढ्या वेळात लबाडी कितीशी हाती लागणार?

एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीनं ॲपलवर भरलेला खटला २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात चालला, तेव्हा ॲपलमधले अंतर्गत ईमेल कोर्टापुढे आले. फसवणूक रोखणाऱ्या विभागाचे प्रमुख एरिक फ्रीडमन यांनी त्यात लिहिलं होतं, की आपली तपासणी म्हणजे हवाई बेटांवरच्या विमानतळावर पाहुण्यांच्या गळ्यात हार घालणारी बाई; अमली पदार्थ हुंगून काढणारा कुत्रा नव्हे. टीका बाहेरच्या कोणाची नव्हती, ज्याच्यावर जबाबदारी होती त्याची होती.

आता लबाडी नेमकी होते कशी, ते पाहू. २०१८ च्या अखेरीस 'फिटनेस बॅलन्स' नावाचं एक ॲप ॲप स्टोअरवर होतं. कॅलरीचा हिशेब हवा असेल तर बोट बटणावर ठेवा, असं ते सांगे. माणूस बोट ठेवी, आणि त्याच क्षणी पडद्यावर शंभरेक डॉलरची खरेदी उमटून मिटे. बोटाचा ठसा हीच मंजुरी! ॲपमध्ये विषाणू वगैरे काही नव्हतं. कंपनीनंच दिलेली पैसे भरायची सोय त्यानं वाकडी वापरली, एवढंच.

२०२१ ची गोष्ट आणखी वाईट. बिटकॉइन जपायचं उपकरण विकणाऱ्या ट्रेझर कंपनीचं आयफोनसाठी ॲपच नव्हतं. तरी त्या नावाचं, त्याच बोधचिन्हाचं ॲप दुकानात दिसू लागलं. तपासणीला आलं तेव्हा ते फायली कुलूपबंद करणारं साधं साधन होतं. मंजुरी मिळाल्यावर त्याचं बिटकॉइनचं पाकीट झालं. एका ग्राहकानं त्यात आपला गुप्त संकेत भरला आणि १७.१ बिटकॉइन, तेव्हाचे सुमारे ६ लाख डॉलर, गमावले. तपासणी एका दिवशी होते आणि ॲप मात्र रोज बदलू शकतं, हा या व्यवस्थेचा मूळ दोष आहे.

यापेक्षा सोज्वळ दिसणारा प्रकार वर्गणीचा. तीन दिवस फुकट, मग क्यूआर कोड वाचण्यासारख्या फुटकळ कामाला दर आठवड्याला पैसे. खोट्या पंचतारांकित शिफारशी विकत मिळतातच. 'वॉशिंग्टन पोस्ट'नं २०२१ मध्ये सर्वाधिक कमाईची १००० ॲप्स तपासली, तेव्हा त्यांतली जवळपास २ टक्के फसवी निघाली. त्यांची कमाई अंदाजे ४ कोटी ८० लाख डॉलर. अशा वर्गणीतला ठरलेला हिस्सा दुकानदारालाही मिळतो. ज्याच्या गल्ल्यात लबाडाच्या कमाईचा वाटा पडतो, त्यानंच लबाड पकडायचा, ही रचना मला मुळातच संशयास्पद वाटते.

मग दुकान नकोच का? तसंही नाही. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून येणारी एपीके फाइल उघडली, की ओटीपीचे एसएमएस चोराकडे जातात. तो चोर दुकानाबाहेरचाच असतो आणि दुकान त्याला बऱ्यापैकी अडवतं. एपिक खटल्यातही न्यायाधीशांनी ॲपलनं दिलेलं सुरक्षिततेचं कारण खोटं ठरवलं नाही.

पण कर्जाच्या ॲप्सचा अनुभव विसरू नये. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत वेगवेगळ्या ॲप दुकानांत कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप्स आढळली; त्यांतली ६०० बेकायदा होती. फोनमधले नंबर आणि फोटो उचलून नातेवाइकांत बदनामी करायची, ही वसुलीची रीत. प्ले स्टोअरवरून अशी ॲप्स हजारोंनी काढावी लागली. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम केले, आणि कर्जाच्या ॲपनं फोटो व संपर्कयादी मागू नये, हा गुगलचा नियम त्यानंतर, २०२३ मध्ये आला. दुकानदाराला बाहेरून दट्ट्या लागतो, तो असा.

म्हणून आज एक काम करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली आणि अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या प्रोफाइलमध्ये चालू वर्गण्यांची यादी असते, ती उघडून पाहा. ॲप काढून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही, ती तिथूनच बंद करावी लागते. आणि फसवणुकीत पैसे गेलेच, तर दुकानाच्या उत्तराची वाट न पाहता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा.